एचआरमध्ये नवीन आहात आणि साहेब म्हणाले 'अ‍ॅनालिटिक्स करा'? मग सुरुवात इथून करा

एमबीए, एमएसडब्ल्यू नाहीतर डीएलएल (कामगार कायद्याचा डिप्लोमा) करून कंपनीत एचआरला लागलात, पहिले दोन-तीन महिने जॉइनिंग फॉर्म, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), बँक खाती, कॅन्टीनच्या तक्रारी यातच गेले, आणि मग एक दिवस मीटिंगमध्ये साहेब म्हणतात की आता आपल्याकडेपण पीपल अ‍ॅनालिटिक्स (म्हणजे कर्मचाऱ्यांचा डेटा बघून निर्णय घेणं) सुरू करायचं, पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन दाखवा. माझं अगदी असंच झालं होतं. चाकणच्या बाजूला ऑटो पार्ट बनवणारी मधल्या आकाराची कंपनी, साधारण चारशे माणसं, आणि अ‍ॅनालिटिक्स म्हणजे काय तर मला एवढंच माहीत होतं की रंगीत चार्ट असतात. रात्री जागून मी वीस स्लाइड बनवल्या, त्यात वयाचा पाय चार्ट, शिक्षणाचा पाय चार्ट, जिल्ह्यांचा पाय चार्ट. प्लँट हेडनी शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, "बरं मग, मी काय करू?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तर हा लेख त्या रात्रीच्या मला. ज्यांना पायथॉन-बियथॉन येतं त्यांच्यासाठी नाही, ज्यांच्याकडे एक्सेल आहे, पंचिंग मशीनचा कचरा डेटा आहे आणि डोक्यावर साहेब आहे त्यांच्यासाठी.

आधी प्रश्न, एकच

"लोक का सोडून जातात" हा प्रश्न नाही, ती तक्रार झाली. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर आल्यावर कोणीतरी सोमवारी काहीतरी वेगळं करेल. आमचा प्रश्न शेवटी असा ठरला: गेल्या वर्षात जे ट्रेनी ऑपरेटर लागले त्यातले पहिल्या ९० दिवसांत किती गेले आणि कुठल्या गटातले जास्त गेले. बस्स.

गूगलचं उदाहरण सगळे देतात म्हणून मीपण देते, पण जरा वेगळ्या कारणासाठी. त्यांचं प्रोजेक्ट ऑक्सिजन २००८ ला सुरू झालं तेव्हा प्रश्न एकदम साधा होता, मॅनेजर चांगला असला काय नसला काय, काही फरक पडतो का? मग त्यांनी अप्रेझल आणि कर्मचाऱ्यांचे सर्व्हे तपासले, मॅनेजर लोकांशी बोलले, आणि चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी काढल्या, त्यात माणसाला नीट शिकवणं सगळ्यात वर आणि टेक्निकल ज्ञान सगळ्यात खाली आलं. इंजिनिअरच्या कंपनीत! तर एवढ्या मोठ्या कंपनीनेसुद्धा सुरुवात एका प्रश्नाने केली, डॅशबोर्डने नाही.

डेटा कुठून आणायचा

तीन-चार ठिकाणं असतात. एम्प्लॉयी मास्टर, पंचिंगची हजेरी, पेरोल, आणि सोडून गेलेल्यांची यादी. केका, ग्रेटएचआर, डार्विनबॉक्स असलं काही सॉफ्टवेअर असेल तर एक्सपोर्ट मिळतं, नसेल तर टाइम ऑफिस. आणि टाइम ऑफिसमध्ये जे काका असतात ना, वीस वर्षं मस्टर सांभाळणारे, त्यांच्याशी आधी चहा प्या. खरंच सांगते. कुठल्या कॉलममध्ये काय भरलंय, कुठला कोड नंतर बदलला, हे फक्त त्यांना माहीत असतं आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं.

आता साफसफाई. कामातला अर्ध्याहून जास्त वेळ यातच जातो आणि कोर्समध्ये याच्यावर पाच मिनिटं असतात, म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

कोड: एम्प्लॉयी कोड ००४१२ असेल तर एक्सेल त्याचं ४१२ करून टाकतं, मग दुसऱ्या शीटशी व्हीलूकअप (कोड जुळवून तिथली माहिती आणणारा फॉर्म्युला) लागत नाही आणि तुम्ही तासभर डोकं धरून बसता. फाइल उघडतानाच तो कॉलम टेक्स्ट करून घ्या.

तारखा: ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? मशीन एका पद्धतीने लिहितं, पेरोलवाले दुसऱ्या. ओळखायची सोपी खूण, तारीख सेलच्या डाव्या बाजूला चिकटली असेल तर एक्सेलने ती तारीख म्हणून घेतलेलीच नाही, नुसता मजकूर आहे.

जिल्हे: हे तर आपल्याकडचं खास. आमच्या एका कॉलममध्ये नगर, ए. नगर, अहमदनगर आणि अहिल्यानगर असे चार जिल्हे होते. औरंगाबाद, छ. संभाजीनगर, संभाजीनगर हे वेगळे. उस्मानाबाद आणि धाराशिव वेगळे. पिव्होट टेबल (एक्सेलमधलं गटवार मोजणी करणारं टेबल) बिचारं सगळे वेगवेगळे मोजतं, त्यामुळे नगरची पोरं जी खरं सगळ्यात जास्त होती ती यादीत खाली खाली विखुरली गेली होती. एक छोटी शीट करा, डावीकडे जसं लिहिलंय तसं आणि उजवीकडे एकच ठरवलेलं नाव, आणि सगळं त्यातून काढा.

आणि आता सगळ्यात मोठा घोळ, जो मला काकांनी दाखवला. आमची गळती दर सहा-सात महिन्यांनी एकदम उसळायची, मी म्हटलं वा, सापडला पॅटर्न! काका हसले. "मॅडम, ते गेलेले नाहीत, ते ब्रेकवर आहेत." कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवरच्या पोरांना ब्रेक दिला जायचा, पंधरा दिवसांनी तोच मुलगा नवीन कोडवर परत त्याच मशीनवर उभा. माझ्या शीटमध्ये एक माणूस सोडून गेला आणि एक नवीन लागला, प्रत्यक्षात कोणी गेलंही नाही आणि आलंही नाही. हे कसं पकडायचं? यूएएनने. कोड बदलतो, कॉन्ट्रॅक्टर बदलतो, नावाचं स्पेलिंग तर दर वेळी बदलतं, पण माणसाचा यूएएन तोच राहतो. यूएएनवर काउंटइफ लावा, दोनदा आला की तो माणूस परत आलेला. (ब्रेक देणं बरोबर की चूक हा वेगळा आणि मोठा विषय आहे, माझं मत चांगलं नाही, पण आत्ता मोजणीपुरतं बघू.)

व्याख्या लिहून ठेवा, नाहीतर भांडण ठरलेलं

अ‍ॅट्रिशनचा, म्हणजे गळतीचा, फॉर्म्युला सोपा आहे. त्या काळात सोडून गेलेले भागिले सरासरी हेडकाउंट, गुणिले १००. वर्षाच्या सुरुवातीला ४१०, शेवटी ४३०, म्हणजे सरासरी ४२०, आणि गेले ६३, तर १५ टक्के. इथपर्यंत कोणीही करेल.

घोळ पुढे आहे. "गेले" म्हणजे कोण? रिटायर झालेले धरायचे का? काढून टाकलेले? ट्रेनिंगचा काळ संपलेले? आणि न सांगता गायब झालेल्याची सोडल्याची तारीख कुठली? शेवटचं पंचिंग, की दोन-तीन पत्रं पाठवून मस्टरवरून नाव कमी केलं ती तारीख? आमच्याकडे या दोन तारखांत दीड-दोन महिन्यांचं अंतर निघायचं, म्हणजे जो मुलगा विसाव्या दिवशी पळाला तो कागदावर ऐंशी दिवस टिकलेला दिसायचा. मी शेवटचं पंचिंग धरते. तुम्ही काहीही धरा, पण शीटच्या पहिल्या टॅबवर लिहून ठेवा, कारण तीन महिन्यांनी तुमचाच आकडा तुमच्याच जुन्या आकड्याशी जुळणार नाही आणि फायनान्सवाला ते भर मीटिंगमध्ये दाखवेल.

किती दिवस टिकला हे काढायला डेटडिफ (DATEDIF) फंक्शन आहे, टाइप करताना एक्सेल ते सुचवत नाही, पण पूर्ण लिहिलं की चालतं. मग गट पाडा: ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ९०, ९१ ते १८०, सहा महिने ते वर्ष, आणि पुढचे. पहिल्या महिन्यात जाणारा आणि तीन वर्षांनी जाणारा ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची सरासरी काढू नका.

नुसते गेलेले मोजू नका, आलेले पण मोजा

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरचं ठाम मत होतं की मराठवाड्यातली पोरं टिकत नाहीत, घ्यायचीच नाहीत. आणि यादी बघितली तर वरवर खरंच वाटत होतं, वर्षात पहिल्या ९० दिवसांत ४० ट्रेनी गेले, त्यातले २४ मराठवाड्यातले. म्हणजे ६० टक्के! ते म्हणाले बघा, मी सांगत होतो.

मग मी आलेल्यांची यादी काढली. वर्षात एकूण १५० लागले होते, त्यातले ९० मराठवाड्यातले. आता हिशोब करा. ९० पैकी २४ गेले, म्हणजे साधारण २७ टक्के. बाकीचे ६०, त्यातले १६ गेले, तेही २७ टक्के. काडीचा फरक नाही. जास्त आले म्हणून जास्त गेले, एवढंच. आणि या एका न केलेल्या भागाकारापायी बीड, परभणी, लातूरच्या पोरांना गेटवरूनच परत पाठवायला लागलो असतो.

तर गेलेल्यांत कोणाचा वाटा किती हे विचारू नका, त्या गटातून आलेल्यांपैकी किती गेले हे विचारा. एक्सेलमध्ये दोन काउंटइफ्स आणि एक भागाकार, संपलं.

मग मी हाच भागाकार एकेक कॉलम घेऊन करत बसले. शिक्षण, काही नाही. वय, थोडंफार. शिफ्ट, थोडंफार. कॉन्ट्रॅक्टर, नाही. मग सहज म्हणून बस रूट टाकला, तोही ट्रान्सपोर्टवाल्याकडून वेगळी यादी मागून. आळंदी रूटवरचे ३५ जण लागले होते, त्यातले १७ गेले. बाकी सगळे रूट मिळून ११५, त्यातले २३. म्हणजे एकीकडे जवळपास ४९ टक्के आणि दुसरीकडे २०. मी खुर्चीतून उठलेच.

आकडा बोट दाखवतो, कारण माणूस सांगतो

इथे नवीन लोक चूक करतात (मी केली असती), लगेच कारण लिहून टाकतात की अंतर जास्त आहे. अंतर जास्त नव्हतंच, दुसरा एक रूट त्याहून लांबचा होता आणि तिथली पोरं मजेत होती.

एक्झिट फॉर्म उघडले तर सगळीकडे तेच, "घरगुती कारण", "पर्सनल", "बेटर प्रॉस्पेक्ट". साहजिक आहे हो, एफ अँड एफचे (सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाचे) पैसे अडकलेले असताना कोण खरं लिहील? मग सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये जाऊन बसले, वही-पेन न घेता. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एक परळीकडचा मुलगा ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "काम काय वंगाळ नाही मॅडम, पण रात्री फाट्यावरून रूमवर जाताना कुत्रे लागतेत मागं."

सेकंड शिफ्ट सुटून बस फाट्यावर पोचायची तेव्हा साडेबारा झालेले असायचे. तिथून पोरांच्या रूम दीड किलोमीटर, रस्त्यावर लाइट नाही, आणि कुत्री. बस पुढे जात नव्हती कारण कॉन्ट्रॅक्टमध्ये स्टॉप फाट्यापर्यंतच लिहिला होता, सहा वर्षांपूर्वी, तेव्हा पोरं फाट्यावरच राहायची. मग तिथली भाडी वाढली आणि पोरं आत सरकली, बस सरकली नाही. हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणार होतं?

कमीत कमी पाच-सहा जणांशी बोला, त्यात न गेलेले पण घ्या. आणि सुपरवायझरसमोर विचारू नका.

साहेबांना पैशात सांगा

प्लँट हेडना कुत्र्यांची गोष्ट सांगितली तर ते हसून सोडून देतील अशी मला भीती होती, म्हणून आधी हिशोब मांडला. एक ट्रेनी गेला की युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज २,२००, मेडिकल ७००, इंडक्शनच्या सहा दिवसांचा पगार ३,६००, आणि लाइनवरचं स्क्रॅप आणि शिकवणाऱ्याचा वेळ अंदाजे २,५००. झाले ९,०००. त्या रूटवरची गळती बाकी रूटइतकी झाली तर वर्षाला दहा पोरं वाचतात, म्हणजे ९०,०००. बसची फेरी रात्री पुढे न्यायला ट्रान्सपोर्टवाला महिन्याला ४,५०० जास्त मागत होता, वर्षाचे ५४,०००. एका पानावर एवढंच. पाय चार्ट शून्य. ते म्हणाले, "तीन महिने करून बघा."

लाइनवरचा आकडा अंदाज आहे तर पानावर अंदाज असंच लिहा. ठोकून दिलेला आकडा एकदा पकडला गेला की पुढचे खरे आकडेपण कोणी ऐकत नाही.

जिथे माझा पाय घसरला त्या जागा

छोटे आकडे. आठ जणांचं टूलरूम, दोन गेले की २५ टक्के, आणि मीटिंगमध्ये बोंबाबोंब. दहा-पंधराच्या खाली टक्के काढूच नका, "आठपैकी दोन" असं लिहा. आमच्या बसच्या बाबतीतही तेच, नंतरच्या तीन महिन्यांत त्या रूटवर १२ जण लागले आणि ३ गेले. बरं दिसतंय, पण १२ माणसांवर मी ढोल वाजवणार नाही.

उसना कॅलेंडर. इंटरनेटवरून घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये "सोमवारची गैरहजेरी" असा कॉलम होता, मी निमूटपणे भरला, काहीच दिसेना. दिसेल कसं, आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी! जोडून दांडी मारायची तर लोक बुधवारी नाहीतर शुक्रवारी मारणार. तसंच महिन्यांचं. जूनमध्ये पेरणी, मग वारी, मग गणपती, दिवाळी, आणि चैत्रात गावोगावच्या जत्रा. या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच सणाशी करा, कारण गणपती कधी ऑगस्टमध्ये असतात कधी सप्टेंबरमध्ये. आणि राजीनामे दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर येतात, त्यात आश्चर्य वाटून घेऊ नका, आपणही तेच केलं असतं.

निनावी सर्व्हे. आधी वचन दिलं की नाव कळणार नाही आणि मग लिंकमध्येच एम्प्लॉयी कोड. हे मी दुसऱ्या एका कंपनीत बघितलंय, पोरांनी दहा मिनिटांत ओळखलं आणि सगळ्यांनी सगळीकडे "उत्तम" टाकलं. पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका, त्यात एकच बाई असेल तर ती कोण हे सगळ्या कंपनीला कळतं.

हा डेटा माणसांचा आहे

ही गोष्ट कायद्याच्या आधी अक्कलेची आहे, पण कायदाही बघा. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५ ला आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. नोकरीच्या कामापुरता डेटा वापरायला कायद्यात वाट आहे, पण म्हणून काहीही गोळा करा असं नाही, आणि डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आधार, बँक खातं, मेडिकल असलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय आजच सोडा. विश्लेषणाच्या शीटमध्ये नाव आणि मोबाइल लागतच नाही, कोड पुरतो, जुळवणी झाली की यूएएनही काढून टाका.

युरोपात २०२० ला एचअँडएमला हँबुर्गच्या डेटा प्राधिकरणाने ३५ दशलक्ष युरोंच्या वर दंड केला, कारण न्यूरेंबर्गच्या ऑफिसमधले मॅनेजर सुट्टीवरून आलेल्या लोकांशी गोडगोड गप्पा मारून त्यांची आजारपणं, घरच्या भानगडी नोंदवून ठेवत होते. कॅन्टीनमध्ये मी वही का नेली नाही ते आता लक्षात आलं असेल.

आणि अंदाज बांधणारी मॉडेलं, म्हणजे कोण सोडून जाईल, कोणाला घ्यावं, याच्यापासून पहिलं वर्षभर तरी लांब राहा. अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून रेझ्युमे छाननीचं एक मॉडेल बनवायला घेतलं होतं, ते जुन्या भरतीवरून शिकलं, जुन्या भरतीत पुरुष जास्त, म्हणून ते बायकांच्या कॉलेजचं वगैरे नाव आलं की मार्क कापायला लागलं, शेवटी गुंडाळलं, २०१८ ला बातमी बाहेर आली. आपल्याकडे चारशे माणसांच्या डेटावर असलं मॉडेल बनवलं तर ते प्रॉडक्शन मॅनेजरचं मराठवाड्याबद्दलचं मतच शिकेल, फक्त आता त्याला कॉम्प्युटरचा शिक्का मिळेल.

"सोडून जाण्याची शक्यता" अशी यादी तर मॅनेजरच्या हातात कधीच देऊ नका. माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसात दिली होती. यादीत नाव आलेल्या एका मुलाला मॅनेजरने नवीन प्रोजेक्ट दिलाच नाही, हा जाणारच आहे म्हणून, चार महिने रिकामं बसून तो खरंच गेला, आणि मग मॉडेल बनवणाऱ्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं की बघा आमचा अंदाज बरोबर आला.

शिकायचं काय आणि किती

पिव्होट टेबल, एक्सलूकअप, काउंटइफ्स, डेटडिफ. एवढ्यावर माझं पहिलं दीड वर्ष निघालं. पॉवर बीआयचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट आहे, ते सहा महिन्यांनी घ्या, जेव्हा तोच रिपोर्ट हाताने बनवून कंटाळा येईल तेव्हा. सर्टिफिकेटच्या मागे आधी लागू नका.

महिन्याचं वेळापत्रक मात्र बांधून घ्या. हजेरी लॉक झाली की दुसऱ्या दिवशी चारही फाइल त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेवायच्या, मूळ फाइलला हात लावायचा नाही, साफसफाई कॉपीवर. मग आलेले, गेलेले, टिकलेले दिवस, आणि एक कॉलम जो कोणी मागितलेला नाही. या महिन्यात मी हॉस्टेल आणि भाड्याची रूम असा कॉलम टाकलाय, काकांना विचारलं तर म्हणाले ते कुठे लिहिलेलं नाही, पण कोण कुठे राहतो ते मला पाठ आहे, उद्या सकाळी या.